आचारी आणि आचार्य : तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्याचं प्रकरण

अक्षरजुळणीच्या कामामुळे या छापखान्याशी माझा बरीच वर्षं संबंध आहे. गावाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील आणि आकडे थोडे मागेपुढे केले आहेत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले आणि जिथे चुकले, ते मात्र जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

ऊसपट्ट्यातला तालुका. बाजारपेठेच्या मागच्या बोळात दोन मजली घर, खाली छापखाना, वर कुटुंब. त्या घरच्या आजोबांनी १९५०च्या दशकात पायाने चालवायचं एक ट्रेडल आणि मुंबईहून आणलेले खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे ठसे, यांवर सुरुवात केली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं, जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि तिथल्या खिळ्यांचं वळण गावोगावच्या छापखान्यांत पोचलं. आजोबांच्या केसमधली (खिळे ठेवायच्या खान्यांच्या पेटीतली) अक्षरं त्याच वळणाची होती. पुढे साखर कारखाना आला, पतसंस्था आल्या, शाळा वाढल्या. पावतीपुस्तकं, लेटरहेड, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची हँडबिलं ही रोजची भाकरी. त्यातून जे उरे त्यावर आजोबा पुस्तकं काढत. भजनांचे संग्रह, शेतीची माहिती, परिसराचा इतिहास, वारीच्या आठवणी, दोन-तीन कवितासंग्रह. तीन पिढ्यांत मिळून दोनशेच्या वर पुस्तकं झाली. पुण्या-मुंबईच्या दुकानांत यातली फारशी दिसत नसत, पण गावच्या जत्रेत आणि पंढरपूरच्या वाटेवर ती खपत.

अण्णा म्हणजे दुसरी पिढी. त्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी एकरंगी ऑफसेट (प्लेटवरून छापणारं मशीन) घेतलं आणि १९९४ साली संगणक आणला. खिळे जुळवणारे मामा (सगळा छापखाना त्यांना मामाच म्हणतो) तेव्हा चाळिशीचे होते. मराठी जुळारी म्हणजे काय माणूस असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून कित्येक शे खाने त्याच्या हातांना पाठ असतात, आणि स्टिकमधली (खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीतली) उलटी ओळ तो सुलट्यासारखी वाचतो. मामा सहा महिन्यांत कळफलक शिकले आणि पुढची वीस वर्षं त्यांनी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकं लावली. खिळे बंद झाले, तरी खिळ्यांच्या काळातली शिस्त मामांबरोबर संगणकाच्या खोलीत आली. हे तेव्हा कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

अडचण

२०१७ साली अण्णांची मुलगी शिक्षण संपवून परत आली. तिला आपण ताई म्हणू. तिने पहिल्यांदा वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की जॉबवर्क निम्म्यावर आलंय. पतसंस्थांच्या पावत्या प्रिंटरवर निघत होत्या, दुकानांची बिलं जीएसटीनंतर सॉफ्टवेअरमधून येत होती, लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर जात होत्या. भिंतीवरच्या आणि चौकातल्या जाहिराती आधीच फ्लेक्सने नेल्या होत्या. रंगीत कॅलेंडरं शिवकाशीहून इतकी स्वस्त येत की अण्णांनी दर सांगितला की गिऱ्हाईक गप्प उठून जाई.

पुस्तकांची मागणी मात्र येत होती. वारीच्या आठवणींच्या एका पुस्तकासाठी वर्षाला पन्नास-साठ लोक विचारत, आणि ते बारा वर्षांपासून संपलेलं होतं. साठ प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही. १६० पानांचं डेमी पुस्तक म्हणजे सोळा पानी दहा फर्मे (एकत्र छापून घडी घालायचे पानांचे संच). प्लेट, शाई लावणं, मशीन जुळवणं हा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. म्हणून मराठीत आवृत्ती हजाराची काढायची रीत पडली. हजार प्रतींना तेवीस-छत्तीस इंची दहा रीम कागद आधी विकत घ्यायचा, शिवाय वाया जाणारा वेगळा. पुस्तकावर जीएसटी शून्य, पण कागदावर तेव्हा १२ टक्के, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे त्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे पैसा कागदात अडकतो आणि गठ्ठे माळ्यावर वाळवी खाते. अण्णांच्या माळ्यावर असे गठ्ठे होते, म्हणून ते नवी आवृत्ती काढायला धजत नव्हते.

दुसरी अडचण खोलवरची होती आणि ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. पुस्तकं ‘संगणकात आहेत’ असं सगळे समजून चालले होते. ताईने उघडायचा प्रयत्न केला तेव्हा ती ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये होती, ते चालवायला एक हार्डवेअर लॉक लागत असे. काडेपेटीएवढी ती डबी जुन्या प्रिंटर पोर्टला लावायची, आणि तसं पोर्ट नव्या संगणकाला नसतंच. जुना संगणक एकच उरला होता. तो सुरू झाला की फाइल दिसे, पण तिथला मजकूर दुसरीकडे नेला की ‘पांडुरंग’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटे. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर हे नुसतं इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र होतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधी महाराष्ट्रातले बहुतेक छापखाने असेच चालत. तीन पिढ्यांचा मजकूर एका मरत्या संगणकात आणि एका डबीत अडकलेला होता.

समोरचे पर्याय

अण्णांच्या मनात एकच उत्तर होतं, ते म्हणजे चाररंगी मशीन. परदेशातून वापरून आलेलं एक मशीन त्यांनी पाहून ठेवलं होतं आणि इसारही दिला होता. त्यांची बाजू मला समजत होती. छापखानेवाल्याच्या घरात मशीन ही प्रतिष्ठा असते. वडिलांनी ट्रेडल आणलं, आपण ऑफसेट आणलं, तर मुलीच्या हाती चाररंगी द्यावं, असं त्यांना वाटत होतं. बँकही कर्ज द्यायला तयार होती, कारण मशीन तारण ठेवता येतं. मजकूर तारण ठेवता येत नाही.

घरच्यांपैकी काहींचं म्हणणं होतं की छापखाना बंद करून जागा भाड्याने द्यावी. बोळ आता बाजारपेठेतच मोडतो, चार गाळे सहज निघाले असते. पुण्याच्या एका प्रकाशकाने खपणारी तीस पुस्तकं एकरकमी मागितली होती. आणि ताईचं म्हणणं असं की मशीन घेऊच नये, रंगीत मुखपृष्ठं आणि छोट्या आवृत्त्या बाहेरून डिजिटलवर (प्लेटशिवाय, थेट फाइलवरून छापणाऱ्या मशीनवर) काढाव्यात, आणि हातचा पैसा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यावर घालावा.

मला बोलावलं ते मशीनबद्दल मत द्यायला. मी एकच काम केलं. मागच्या वर्षातली रंगीत कामं बिलांवरून काढली आणि त्यांना या मशीनवर किती तास लागतील ते लिहिलं. महिन्याचे चार दिवस. उरलेले दिवस भरायला कोल्हापूर, सांगली, पुण्याची कामं आणावी लागली असती, आणि तिथले छापखाने त्याच दरात आधीच अडचणीत होते. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग इसार सोडून दिला. ती रक्कम लहान नव्हती. पहिला निर्णय असा झाला, आणि तो बरोबर होता असं मला आजही वाटतं, जरी त्या घरात तो अजून दुखतो.

काय केलं

ताईचा पर्याय ठरला, पण ज्या घाईने तो अमलात आला तिथे चूक झाली. चुकीत माझाही वाटा आहे, कारण मी तेव्हा आक्षेप घेतला नाही. फाँट बदलून देणाऱ्या एका बाहेरच्या माणसाला पानाच्या दराने काम दिलं. त्याच्याकडे कन्व्हर्टर होता. एका टोकाने जुनी फाइल आत आणि दुसऱ्या टोकाने युनिकोड बाहेर. तीन महिन्यांत चाळीस पुस्तकं ‘तयार’ झाली. नमुन्याची चार पानं आम्ही वाचली, स्वच्छ होती.

पहिलं पुस्तक काढलं ते अर्थातच वारीच्या आठवणींचं. डिजिटलवर तीनशे प्रती, आषाढीच्या आधी. पंधरा दिवसांत लेखकाच्या मुलाचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, “माझ्या वडिलांनी दिंडीतल्या आचाऱ्यांना नमस्कार केला होता. तुम्ही तो आचार्यांना करायला लावलात.”

पान उघडलं. मूळ वाक्यात पहाटे तीनला उठून भाकरी भाजणाऱ्या आचाऱ्यांना लेखकाने हात जोडले होते. नव्या प्रतीत ते आचार्य झाले होते. वाक्य व्याकरणात चोख बसत होतं, अर्थही लागत होता, म्हणून ना संगणकाला संशय आला ना आम्हाला. पुढे शोधत गेलो तर दऱ्यांचा दर्या झालेला, वाऱ्याचा वार्या, आणि डोंगराच्या पायऱ्यांवरही रफार चढलेला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण आजही जुनं मराठी साहित्य युनिकोडमध्ये आणणाऱ्यांना ते नडतं. मराठीत र ला य जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. आचार्यमध्ये र डोक्यावर रफार होऊन बसतो, आचाऱ्यामध्ये तो आडवा होऊन य ला खेटतो. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, मराठीला त्याच्याशिवाय चालत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे उमटवता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा म्हणजे साधा र घेऊन पाय मोडायचा आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारा एक जोडसंकेत टाकायचा. कन्व्हर्टर दुसरा प्रकार वापरत होता. पुढे कुठल्याशा टप्प्यावर फाइल ‘साफ’ करताना न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकली गेली, आणि तो संकेत गेला की आडवा र आपोआप रफार होतो. नमुन्याची चार पानं आम्ही साफ करण्याआधीची वाचली होती.

पुढचा प्रश्न त्या तीनशे प्रतींचा होता. निम्म्या विकल्या गेल्या होत्या. ताईचं म्हणणं, उरलेल्या रद्दीत घालू. अण्णा म्हणाले, शुद्धिपत्र लावू, आपल्या वडिलांनी खिळ्यांच्या काळात लावलीच होती की. दोघांच्या मध्ये मामा बोलले. त्यांनी आधी विचारलं, चुका किती? कुणीच मोजल्या नव्हत्या. मामांनी आपल्या जुन्या प्रतीशेजारी नवी ठेवून दोन दिवसांत मोजल्या. एकशे सतरा. शुद्धिपत्रात एकशे सतरा चुका मावत नाहीत. उरलेल्या प्रती कापल्या, आणि ज्यांची नावं माहीत होती अशा विकत घेणाऱ्यांना पुढे नवी प्रत पोस्टाने पाठवली. वर्षाचा नफा त्यात गेला.

वाचनाची जोडी

इथून काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. मामा तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होते. त्यांनीच सुचवलं की खिळ्यांच्या काळातली कॉपी होल्डरची पद्धत परत आणावी. तेव्हा एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून तपासे. आता मूळ म्हणजे जुनं छापील पुस्तक आणि मुद्रित म्हणजे पडदा. मामा वाचायचे, गावातली बी.ए. झालेली एक मुलगी पडद्यावर तपासायची.

मी एक अख्खी सकाळ तिथे बसलो होतो. मामा नुसते शब्द वाचत नव्हते, शब्दाची बांधणी वाचत होते. “पायऱ्या, आडवा र. उतरून, दुसरा उकार, पहिला नाही. स्वल्पविराम. नदीच्या, दुसरी वेलांटी.” मुलगी प्रत्येक वेळी “हं” म्हणे. ती “हं” न म्हणता थांबली की मामाही थांबत, आणि दोघं एका शब्दावर वाकत. दिवसाला पंचवीस-तीस पानं होत. पानाचा खर्च कन्व्हर्टरच्या कित्येक पट, पण पुन्हा पुस्तक कापावं लागलं नाही.

हळूहळू नियम ठरले. कन्व्हर्टरमधून आलेल्या मजकुरात आधी सगळीकडे ऱ स्वतंत्र अक्षराने बसवायचा, मग वाचायला घ्यायचं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून र च्याच कळीवर मिळतो, त्यामुळे नव्या मजकुरात प्रश्न नव्हता. पानं लावताना इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिपी नीट जुळवणारा पर्याय) निवडला आहे का ते आधी पाहायचं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. फाँट निवडताना ल आणि श पाहायचे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे, तरी संगणकावर सर्रास हिंदी वळणाची अक्षरं येतात. ज्या फाँटमध्ये मराठी वळणं आहेत, त्यातही सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, तेव्हाच ती उमटतात. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पंधरा वर्षं ते त्या ल कडे पाहून हळहळत होते आणि त्याला इलाज आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काही पुस्तकांची फाइलही नव्हती आणि घरात प्रतही नव्हती. अण्णांनी प्रत जपायचं महत्त्व कधी मानलं नाही, आजोबांनी मानलं होतं पण पुरात बरीच गेली. तालुक्याच्या नगरवाचनालयात अकरा सापडली, ग्रंथपालांनी ती वाचनालयातच बसून फोटो काढायला दिली. अशी पुस्तकं सरळ नव्याने टंकित केली.

काय निघालं

मार्च २०२०च्या टाळेबंदीत मशीन बंद पडली, तेव्हा वाचनाची जोडी फोनवरून चालू राहिली. मामा त्यांच्या ओसरीवर, मुलगी तिच्या घरी. बाहेर पडता येईना तेव्हा अडतीस पुस्तकांचा मजकूर तयार झाला. २०२१-२२मध्ये कागदाचे भाव भडकले तेव्हा या छापखान्याचा पैसा कागदात नव्हता. शंभर-शंभर प्रती बाहेरून काढायच्या, संपल्या की पुन्हा काढायच्या. एक प्रत महाग पडते हे खरं, आणि किंमत वाढली म्हणून काही वाचक नाराज झाले हेही खरं. जत्रेत ऐंशी रुपयांना घेणारा माणूस एकशे साठला पुस्तक खाली ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भजनांच्या संग्रहांसाठी म्हणून अण्णांनी एकरंगी ऑफसेट ठेवलं. ते हजारांनी खपतात, तिथे ऑफसेटच स्वस्त.

सत्तरच्या आसपास पुस्तकं आज पुन्हा मिळतात. पण अकरा माणसांचा छापखाना सहा माणसांवर आला. दोन मशीनमन आणि एक बाइंडर यांना काम राहिलं नाही. एकाला साखर कारखान्यात चिकटवता आलं, बाकीच्यांचं आमच्याकडून काही झालं नाही. त्यांना अक्षरजुळणी किंवा डिजिटल शिकवता आली असती का, हा विचार कुणी वेळेवर केला नाही. मीही नाही. जुन्या छापखान्यांच्या आधुनिकीकरणाबद्दल बोलताना ही माणसं हिशेबातून गळतात, आणि ते मला मान्य नाही.

आज पुन्हा करायचं तर

पहिली गोष्ट हक्कांची. आम्ही आधी मजकूर तयार केला आणि मग लेखकांचे करार शोधायला गेलो. बहुतेक करार तोंडी होते, काहींच्या पोस्टकार्डावर दोन ओळी. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षंच धरतो. म्हणजे आजोबांच्या काळातली कित्येक पुस्तकं छापायचा हक्क कागदावर आमच्याकडे नव्हताच. नऊ पुस्तकं पूर्ण वाचून, शुद्ध करून पडून आहेत, कारण वारस सापडत नाहीत किंवा भावाभावांत जमत नाही. क्रम उलटा हवा होता. आधी वारसांच्या घरी जायचं, सही घ्यायची, ई-पुस्तकाचा हक्क वेगळा लिहून घ्यायचा, मग मामांपुढे पुस्तक ठेवायचं.

दुसरी, बाहेरच्या माणसाला काम द्यायला हरकत नव्हती, पण नमुना शेवटच्या टप्प्यावरचा तपासायला हवा होता, आणि तो ठरवून अवघड निवडायला हवा होता. प्रत्येक पुस्तकातली पायऱ्या, दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, तऱ्हा अशा शब्दांची पानं आधी काढायची. आता ताईने अशा शब्दांची वहीच केली आहे.

तिसरी गोष्ट मला जास्त लागते. मामा आता पंच्याहत्तरीकडे झुकलेत. त्यांच्याबरोबर बसणारी मुलगी लग्न होऊन गेली, दुसरी आली, तीही चांगली आहे. पण मामांनी जे वाचताना सांगितलं ते लिहून ठेवायला आम्ही चार वर्षं उशीर केला. गेल्या वर्षीपासून ताई वाचनाच्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवते. परवा तिने एक तुकडा ऐकवला. वारीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती, तेच पान. मामा वाचतात, “दिंडीतल्या आचाऱ्यांना,” मग थोडं थांबतात आणि पुढे म्हणतात, “आडवा र. बघ नीट, बाळ. भाकरी भाजणारे आहेत ते.”